पुराच्या विम्यावर आयकरात सवलत मिळते का? चिपळूणच्या एका घरमालकाला उत्तर

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. चिपळूणच्या सखल भागात तुमचं दुमजली घर आहे. वर कुटुंब राहतं. खाली दोन गाळे: एक डॉक्टरांना दवाखान्यासाठी भाड्याने दिलेला, दुसऱ्यात तुमचं स्वतःचं हार्डवेअरचं दुकान. 22 जुलै 2021 च्या पुरात तळमजला बुडाला तेव्हा विमा नव्हता. आता पूर-वादळ धरून विमा घ्यायचा आहे, तर हप्त्यावर आयकरात काही सुटेल का, भरपाई मिळालीच तर तिच्यावर कर लागेल का, आणि अमेरिकेतला भाचा "आमच्याकडे सवलत मिळते" म्हणतो त्यात तथ्य किती? शेवटी तुम्ही गुहागर तालुक्यातल्या सामायिक घराचंही विचारलं आहे. मी गेली बरीच वर्षं रत्नागिरी जिल्ह्यात रिटर्न भरण्याचं आणि विम्याचे क्लेम लावण्याचं काम करतो. त्यामुळे कायद्यात काय आहे आणि कागदावर प्रत्यक्षात काय होतं, दोन्ही सांगतो.

आधी सरळ उत्तर. राहत्या घराच्या विम्याच्या हप्त्यावर आयकरात एका रुपयाचीही वजावट मिळत नाही. आयकर कायद्याच्या कलम 80-सी मध्ये आयुर्विमा बसतो, 80-डी मध्ये आरोग्यविमा बसतो. भिंती, छप्पर, कपाटं, फ्रीज यांचा विमा या दोन्हींत कुठेच नाही. जुनी करप्रणाली घ्या की नवी, उत्तर तेच. 1 एप्रिल 2026 पासून 1961 च्या कायद्याच्या जागी आयकर कायदा 2025 आला आणि कलमांचे आकडे बदलले, पण या बाबतीत घरमालकाच्या पदरात नवीन काही पडलेलं नाही. मी खाली जुनेच कलम क्रमांक वापरतो, कारण आपल्याकडच्या सीएंच्या आणि बँकवाल्यांच्या तोंडी अजून तेच आहेत.

इथेच एक मोठा गैरसमज दूर करतो. "माझ्या गृहकर्जाचा विमा आहे आणि तो मी 80-सी मध्ये दाखवतो" असं सांगणारे लोक दर पावसाळ्यात भेटतात. पॉलिसीचा कागद मागवला की बहुतेक वेळा तो कर्जदाराच्या जिवाचा विमा निघतो. कर्जदार दगावला तर उरलेलं कर्ज विमा कंपनी फेडणार, इतकंच. तो आयुर्विमा आहे, म्हणून तर तो 80-सी मध्ये चालतो. वाशिष्ठी नदीचं पाणी माळ्यापर्यंत चढलं तरी त्या पॉलिसीतून कौलाचा तुकडासुद्धा मिळणार नाही. तेव्हा कर्ज असेल तर आज संध्याकाळीच फाइल काढा आणि पहिल्या पानावर विमा कशाचा आहे ते वाचा. तिथे माणसाचं नाव आणि वय असेल तर तो जिवाचा. घराचा पत्ता, बांधकामाचा प्रकार आणि क्षेत्रफळ असेल तर घराचा. घराचा असला तरी रक्कम तपासा. काही बँका कर्जाच्या रकमेएवढाच विमा काढतात. कर्ज सात लाख उरलं असेल आणि घर नव्याने बांधायला पंचवीस लाख लागणार असतील, तर मधला अठरा लाखांचा खड्डा तुमचा. शिवाय अशा पॉलिसीवर बँकेचं नाव चढलेलं असतं, त्यामुळे भरपाईवर पहिला हक्क बँकेचा.

आता तुमच्या घराकडे येऊ. आयकराच्या नजरेने ते एक घर नाही, तीन मालमत्ता आहेत. वरचा मजला राहता. त्याच्या हप्त्यावर काही नाही, हे झालं.

दवाखान्याचा गाळा भाड्याचा. भाड्यातून नगरपरिषदेची भरलेली घरपट्टी वजा करायची आणि उरलेल्या रकमेवर 30 टक्के सरसकट वजावट घ्यायची, ही कलम 24 ची पद्धत. ही 30 टक्के वजावट दुरुस्ती, रंगरंगोटी, विमा, वसुलीचा खर्च अशा सगळ्यांसाठी एकत्र धरलेली आहे. तुम्ही विमा काढा, न काढा, वजावट तेवढीच. म्हणजे विम्याचा हप्ता वेगळा मागता येत नाही, पण तो 30 टक्क्यांत आलाच आहे असं समजा. ही वजावट नव्या करप्रणालीतही मिळते. डॉक्टरांच्या खुर्च्या, यंत्रं, औषधं यांचा विमा त्यांनी स्वतः काढायचा. त्यांना तो व्यवसायाचा खर्च म्हणून दाखवता येतो. भाडेकरारात एक ओळ घालून घ्या की गाळ्यातल्या सामानाचा विमा भाडेकरूचा. पूर ओसरल्यावर "तुमच्या पॉलिसीतून आमचंही बघा" अशी कुचंबणा मग होत नाही.

दुकानाचा गाळा मात्र खरी सवलत देतो. धंद्यासाठी वापरलेल्या इमारतीच्या विम्याचा हप्ता कलम 30 खाली, फर्निचर आणि यंत्रांच्या विम्याचा कलम 31 खाली, आणि मालाच्या विम्याचा कलम 36 खाली पूर्ण खर्च म्हणून धरता येतो. इमारतीचा काहीच भाग धंद्याला वापरला असेल तर हप्त्याचा तेवढा वाटा मिळतो, तेही कायद्यात लिहिलेलं आहे. समजा बांधकाम 1,800 चौरस फूट आहे, त्यातलं 500 चौरस फूट दुकान, आणि सगळ्या इमारतीचा हप्ता 5,400 रुपये. तर 1,500 रुपये दुकानाच्या खर्चात जातील. नव्या करप्रणालीतही धंद्याचे हे खर्च कायम आहेत.

पण तुम्ही 44-एडी खाली, म्हणजे उलाढालीच्या 8 किंवा 6 टक्के नफा धरून रिटर्न भरत असाल, तर हा हप्ता वेगळा मागता येणार नाही. त्या पद्धतीत 30 ते 38 कलमांतले सगळे खर्च आधीच वजा झाले असं कायदा मानतो. चिपळूण, खेड, राजापूरच्या बाजारपेठेतले बहुतेक छोटे दुकानदार 44-एडी मध्येच आहेत. त्यांना "विमा घ्या, टॅक्स वाचेल" असं सांगून पॉलिसी विकणारा एजंट भेटला तर त्याच्यापुढे ही ओळ ठेवा.

हप्त्याची अशी वाटणी कागदोपत्री करण्यापेक्षा पॉलिसीच दोन घ्या, असा माझा आग्रह आहे, आणि त्याचं कारण करापेक्षा मोठं आहे. 1 एप्रिल 2021 पासून विमा नियामकाच्या आदेशाने सगळ्या कंपन्यांकडे "भारत गृह रक्षा" नावाची एकसारखी पॉलिसी आहे. ती राहत्या घरासाठी आहे. खाली दुकान आणि दवाखाना असताना पूर्ण इमारत "राहतं घर" म्हणून लिहिली, तर क्लेमच्या वेळी नुकसान तपासायला आलेला सर्व्हेअर दारात उभा राहताच पहिला प्रश्न तोच विचारणार. तेव्हा वरचा मजला आणि घरातलं सामान गृह रक्षामध्ये. दुकान आणि दुकानातला माल "भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा" मध्ये, जी एका ठिकाणी 5 कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी आहे. दवाखान्याचा गाळा इमारत म्हणून तुमच्याच नावे, पण वापर "व्यावसायिक" असा स्पष्ट लिहून. दोन पावत्या वेगळ्या आल्या की धंद्याच्या खात्यातून धंद्याचा हप्ता जातो आणि सीएला अंदाज करत बसावं लागत नाही.

दुकानाच्या विम्यात आपल्याकडे दोन ठिकाणी हमखास कमी पडतं. पहिलं म्हणजे मालाची रक्कम. मार्चअखेरच्या स्टॉकवरून आकडा लिहिला जातो, पण आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावरच्या दिवसांत तुमच्या दुकानात ताडपत्री, पत्रे, सिमेंट, पाइप असा वर्षातला सगळ्यात जास्त माल भरलेला असतो, आणि पूर येतो तो जुलैत. या पॉलिसीत 15 टक्क्यांपर्यंतची तूट माफ असते. त्याहून कमी रकमेचा विमा असेल तर भरपाईही त्याच प्रमाणात कापली जाते. म्हणून आकडा जूनच्या मालावरून काढा. दुसरं जीएसटीचं. पुरात नष्ट झालेल्या मालावर घेतलेलं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची घेतलेली वजावट, जीएसटी कायद्याच्या कलम 17(5) प्रमाणे परत करावी लागते. म्हणजे 10 लाखांचा माल गेला आणि त्यावर 1.80 लाख क्रेडिट घेतलं असेल, तर तेही तुमच्याच खिशातून जाणार. विम्याची रक्कम ठरवताना खरेदी जीएसटीसह धरायची की जीएसटी सोडून, हे कंपनीकडून लेखी घ्या. मी तरी जीएसटीसह धरायला सांगतो.

घराच्या बाजूला, गृह रक्षा पॉलिसीत पूर, पाणी तुंबणं, वादळ, चक्रीवादळ, वीज, भूकंप, दरड कोसळणं, जमीन खचणं, आग हे सगळं एकत्रच येतं. पुरासाठी वेगळी पॉलिसी लागत नाही. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धन, मुरुड, दापोली, मंडणगडकडची छपरं गेली; त्याच्या पुढच्याच वर्षी महाड, चिपळूण, खेड पाण्याखाली गेले आणि महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड आली. कोकणातल्या घराला हे तिन्ही धोके आहेत आणि एकाच हप्त्यात तिन्ही येतात. विम्याची रक्कम म्हणजे घराची बाजारातली किंमत नव्हे. जागेची किंमत त्यात येत नाही. बांधकामाचं क्षेत्रफळ गुणिले आज नव्याने बांधायचा दर, असा हिशेब. समजा वरचा मजला 900 चौरस फूट आणि दर 2,000 रुपये, तर 18 लाख. घरातल्या सामानाला या रकमेच्या 20 टक्के, म्हणजे 3.60 लाख, आपोआप धरले जातात, वेगळी यादी न देता. त्याची कमाल मर्यादा 10 लाख. तेवढ्यात भागणार नसेल तर यादी देऊन वाढवता येतं. दागिने आणि इतर मौल्यवान वस्तूंसाठी जादा विमा मागून घ्यावा लागतो. घर राहण्याजोगं नसेल तेवढ्या काळाचं पर्यायी घराचं भाडं आणि राडारोडा हलवण्याचा काही खर्चही पॉलिसीत आहे. कुंपणाची भिंत, गेट, सेप्टिक टँक, पाण्याची टाकी, छतावरचे सोलर पॅनेल हे घराच्या बांधकामातच मोडतात, हे पुष्कळांना माहीतच नसतं. क्लेम लिहिताना ते विसरू नका. एकदम दहा वर्षांपर्यंतची पॉलिसी घेता येते आणि विम्याची रक्कम दरवर्षी 10 टक्क्यांनी आपोआप वाढते.

आता भाच्याचं. त्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. अमेरिकेत घराच्या नेहमीच्या विम्यात पूर येतच नाही. त्यासाठी वेगळी पॉलिसी घ्यावी लागते, आणि ती मुख्यतः 1968 पासून चालू असलेल्या केंद्र सरकारच्या योजनेतून मिळते. तिथल्या केंद्राच्या आयकरातही स्वतः राहत्या घराच्या विम्यावर वजावट नाही. सवलत आहे ती काही राज्यांच्या आयकरात. दक्षिण कॅरोलिना या किनारी राज्याने 2007 मध्ये कायदा करून दोन गोष्टी दिल्या. आपत्तीसाठी वेगळं बचत खातं उघडून त्यात टाकलेली रक्कम राज्याच्या करपात्र उत्पन्नातून वजा होते. आणि घराच्या विम्याचा हप्ता उत्पन्नाच्या 5 टक्क्यांहून जास्त होत असेल, तर वरच्या रकमेवर जास्तीत जास्त 1,250 डॉलर थेट करातून कमी होतात. दोन्ही राज्यापुरतं. आपल्याकडे राज्याचा आयकरच नसल्याने महाराष्ट्र सरकारला असं काही मनात आलं तरी आयकरातून देता येणार नाही.

घरविम्याच्या हप्त्यावर वजावट द्यावी ही मागणी आपल्याकडेही अर्थसंकल्पाच्या आधी अनेकदा होते. मला ती मागणी कोकणासाठी अपुरी वाटते, आणि आकडे पाहिले की तुम्हालाही वाटेल. समजा हप्ता 5,000 रुपये आणि तुम्ही 20 टक्क्यांच्या टप्प्यात. वजावट मिळाली तर वाचले 1,000 रुपये आणि थोडा सेस. नव्या प्रणालीत 12 लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर तसाही कर बसत नाही. मग हर्णैच्या मच्छीमाराला, काजू-आंब्यावर जगणाऱ्या बागायतदाराला, राजापूरच्या जवाहर चौकातल्या छोट्या भाडेकरूला ती वजावट काय कामाची? उलट त्याच 5,000 वर 18 टक्के जीएसटी म्हणजे 900 रुपये आज प्रत्येकाला भरावे लागतात, रिटर्न भरो वा न भरो. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्यविम्यावरचा जीएसटी शून्य झाला. घराचा विमा तसाच 18 टक्क्यांवर राहिला. पूर आला की सरकार तिजोरीतून मदत वाटतं. 2021 मध्ये घरात पाणी शिरलेल्या कुटुंबाला 10,000 आणि पूर्ण पडलेल्या घराला दीड लाख अशी मदत जाहीर झाली होती. दीड लाखात चिऱ्याचं घर उभं राहत नाही, हे इथल्या प्रत्येक गवंड्याला माहीत आहे. तोच माणूस आधीच आपल्या खिशातून विमा काढायला तयार असेल तर त्याच्याकडून त्यावर कर घेणं मला पटत नाही. आमदार-खासदारांकडे निवेदन न्यायचंच असेल तर ते घरविम्यावरचा जीएसटी काढण्याचं न्या. त्याचा फायदा वाडीवस्तीपर्यंत पोहोचेल.

भरपाईवर कर लागतो का, हा तुमचा खरा महत्त्वाचा प्रश्न, आणि याचं उत्तर पैसे कोणाकडून आले त्यावर ठरतं.

सरकारकडून, म्हणजे केंद्र, राज्य किंवा नगरपरिषद-ग्रामपंचायतीकडून आपत्तीची भरपाई म्हणून आलेले पैसे कलम 10(10बीसी) खाली करमुक्त आहेत. त्याच नुकसानीची वजावट तुम्ही आधी धंद्याच्या हिशेबात घेतली असेल तर तेवढ्यापुरती ही सूट नाही. विमा कंपनीचे पैसे मात्र या कलमात येत नाहीत. लोक दोन्ही एकाच नावाखाली लिहितात आणि नोटीस आली की घाबरतात.

विम्याच्या पैशांसाठी कलम 45(1ए) आहे. पूर, वादळ, चक्रीवादळ, भूकंप किंवा इतर नैसर्गिक कोप, दंगल, अपघाती आग यांत भांडवली मालमत्तेचं नुकसान होऊन विम्याचे पैसे मिळाले, तर त्यातला नफा हा भांडवली नफा समजायचा, आणि तो पैसे मिळाल्याच्या वर्षी. पूर जुलैत आला आणि चेक पुढच्या आर्थिक वर्षात मिळाला तर हिशेब पुढच्या वर्षीचा. "नफा" हा शब्द वाचून दचकू नका. मिळालेल्या रकमेतून मालमत्तेची मूळ किंमत वजा होते. घर 2001 च्या आधीचं असेल तर 1 एप्रिल 2001 ची वाजवी किंमत मूळ किंमत म्हणून घेता येते, आणि 23 जुलै 2024 पूर्वी घेतलेल्या घराला महागाई निर्देशांक लावून 20 टक्क्यांचा हिशेबही पाहता येतो. समजा फक्त बांधकामाची 2001 ची किंमत 4 लाख निघाली. 2025-26 चा निर्देशांक 376 धरला तर ती 15.04 लाख होते. घर पूर्ण कोसळून 12 लाख भरपाई मिळाली, तर कर शून्य. कर लागतो तो बहुधा उलट परिस्थितीत, म्हणजे मूळ किंमतीचा काहीच पुरावा नसताना. म्हणून नोंदणीकृत मूल्यांकनकाराचा 2001 चा अहवाल आत्ताच करून ठेवा. घर पडल्यावर तो कशाचं मूल्यांकन करणार?

अर्धवट नुकसान झालं, उदाहरणार्थ एक भिंत आणि फरशी गेली, तर मूळ किंमतीचा किती वाटा धरायचा यावर मतभेद होऊ शकतात. अशा वेळी दुरुस्तीची बिलं, सर्व्हेअरचा अहवाल आणि मूल्यांकन एकत्र ठेवून सीएचं लेखी मत घ्या. घर पूर्ण गेलं आणि भरपाईत स्वतःची भर घालून तीन वर्षांत नवं बांधलं, तर कलम 54 च्या, म्हणजे नवं घर बांधल्यावर भांडवली नफ्यात मिळणाऱ्या सवलतीसाठी युक्तिवाद करता येतो. तोही सीएला आधी विचारूनच. दुकानाच्या भागावर तुम्ही घसारा (दरवर्षीच्या झिजेची वजावट) घेत असाल तर त्याचा हिशेब वेगळा होतो, आणि मालाची भरपाई सरळ धंद्याच्या उत्पन्नात येते. तिच्या समोर गेलेल्या मालाची किंमत खर्चात जाते.

घरातल्या फ्रीज, टीव्ही, गाद्या, भांडी, फर्निचरच्या भरपाईवर कर नाही, कारण वैयक्तिक वापराच्या जंगम वस्तू भांडवली मालमत्तेत मोडत नाहीत. दागिने मात्र मोडतात. त्यामुळे कंपनीकडून एकच ठोक आकडा स्वीकारून गप्प बसू नका. "बांधकाम इतके, सामान इतके, दागिने इतके" अशी फोड असलेला मंजुरीचा कागद मागून घ्या. हा एक कागद रिटर्नच्या वेळी तुमचे सगळ्यात जास्त पैसे वाचवतो.

मित्रांनी, माजी विद्यार्थ्यांनी, ओळखीच्यांनी खात्यावर पाठवलेल्या मदतीचंही भान ठेवा. नातेवाईकांची मदत कितीही असो, करमुक्त. पण नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात मिळून 50,000 पेक्षा जास्त आले तर ती पूर्ण रक्कम उत्पन्नात धरली जाते. नोंदणीकृत धर्मादाय संस्थेकडून आलेली मदत त्यात मोजत नाहीत. 2021 मध्ये लोकांनी मनापासून पैसे पाठवले, आणि त्याच्या नोंदी फार थोड्यांनी ठेवल्या.

विमा पुरला नाही आणि दुरुस्तीला कर्ज काढलं, तर राहत्या घराच्या दुरुस्तीच्या कर्जावरचं व्याज जुन्या करप्रणालीत वर्षाला फक्त 30,000 पर्यंत वजा होतं. घर घेण्या-बांधण्यासाठीची 2 लाखांची मर्यादा दुरुस्तीला लागू नाही. नव्या प्रणालीत राहत्या घरासाठी हेही नाही. दवाखान्याच्या गाळ्यासाठी काढलेल्या कर्जाचं व्याज भाड्यातून वजा होतं, दोन्ही प्रणालींत. म्हणून कर्जही गाळ्याचं वेगळं आणि घराचं वेगळं मागा.

क्लेमबद्दल थोडंसं, कारण कर वाचला आणि क्लेम बुडाला तर काय उपयोग. पाणी ओसरलं की आपल्याकडे लगेच गाळ काढायला घेतात. घ्यावाच लागतो, नाहीतर वास आणि रोगराई. पण फावडं लावण्याआधी अर्धा तास द्या. भिंतीवर पाण्याची रेघ कुठवर आहे, तिथे टेप धरून फोटो. प्रत्येक खोलीचा, प्रत्येक कपाट उघडून व्हिडिओ. दुकानात रॅकवार व्हिडिओ, पेट्यांवरचे छाप दिसतील असे. कंपनीला त्याच दिवशी कळवा, फोनवर सांगितलं तरी ईमेल किंवा मेसेज कराच. भिजलेला माल सर्व्हेअरने पाहिल्याशिवाय किंवा "टाका" असं लेखी कळवल्याशिवाय टाकू नका; जागाच नसेल तर नगरपरिषदेची गाडी नेतानाचेही फोटो ठेवा. तलाठ्याचा पंचनामा सरकारी मदतीसाठी असतो. त्याची प्रत क्लेमला जोडा, मदत होते, पण तो सर्व्हेअरच्या अहवालाची जागा घेत नाही. आणि दोन्ही कागदांवर नुकसानीचे आकडे एकमेकांशी जुळतील असे द्या. घाईत तलाठ्याला चार लाख आणि कंपनीला नऊ लाख सांगितलेले क्लेम महिनोन्‌महिने अडकतात.

कंपनीने क्लेम नाकारला किंवा महिनाभरात तक्रारीला उत्तर दिलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. आपला जिल्हा पुणे कार्यालयाकडे येतो. 50 लाखांपर्यंतचे दावे तिथे चालतात, फी नाही, वकील लागत नाही. कंपनीचं उत्तर आल्यापासून एक वर्षाच्या आत जायचं.

राहिलं गुहागरकडचं सामायिक घर. त्याचा विमा निघतो. जांभ्याच्या भिंती आणि कौलारू छप्पर असल्याने अडत नाही, फक्त बांधकामाचा प्रकार फॉर्ममध्ये आहे तसा लिहा. अडतं ते नावावर. ग्रामपंचायतीच्या नमुना 8 वर (घरपट्टीच्या नोंदीत) अजून आजोबांचं नाव, सातबाऱ्यावर सहा चुलते, आणि हप्ता भरणार मुंबईतला एक पुतण्या, अशी स्थिती असेल तर क्लेमच्या वेळी कंपनी विचारणार की या घरात तुमचा हितसंबंध काय आणि पैसे कोणाच्या नावे काढायचे. वारस नोंद करून घ्या. मग जे सहहिस्सेदार तयार असतील त्या सगळ्यांची नावं पॉलिसीवर घाला आणि पैसे कोणाच्या खात्यात जावेत याचं संमतीपत्र आताच सह्या करून ठेवा. भरपाई आली तर 45(1ए) चा हिशेबही प्रत्येकाच्या हिश्श्याप्रमाणे प्रत्येकाच्या रिटर्नमध्ये जाईल, हप्ता कोणी भरला यावरून नव्हे. घर गणपती आणि शिमगा सोडून वर्षभर बंद असतं, हेही फॉर्ममध्ये लिहा आणि बंद घरासाठी काही अट आहे का ते कंपनीकडून लेखी घ्या. वारस नोंदीला वेळ लागतो. तलाठ्याकडे आणि ग्रामसेवकाकडे अर्ज आता टाकलात तर पुढच्या पावसाळ्याआधी पॉलिसी हातात येईल.